परदेशी शिक्षण आणि नरखेडच्या पुढचे स्टेशन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, हे आपण शाळेत शिकलो. त्या दिवशी नागपूर महाराष्ट्रात नव्हते, हे मात्र शाळेत कोणी सांगितले नाही. ते मुंबई राज्यातही नव्हते. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशात होते, नुसते मध्य प्रदेशात नव्हे, त्या राज्याची राजधानी होते. दीक्षेसाठी पांढुर्णा, सौंसर भागातून जे कोणी गेले असतील ते आपल्याच राज्याच्या राजधानीला गेले. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूखही त्याच्याबरोबर तिकडेच राहिला.

नकाशा घेऊन बसलात तर गंमत कळेल. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे. काटोल येते, मग नरखेड येते. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा. नरखेड सोडले की पुढचे मोठे स्टेशन पांढुर्णा. बागा त्याच, माती तीच, डब्यात चढणाऱ्या बायकांच्या तोंडची मराठीही तीच, वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. फक्त फलाटावरच्या पाटीखालचे राज्य बदललेले असते. पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, माणसे जखमी होतात, कधी दगावतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि वर्षभर पुन्हा कोणी त्या गावाचे नाव काढत नाही. २०२३ साली पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला, तीही बातमी आपल्याकडे फारशी कोणी वाचली नसावी.

आता गोव्यातल्या माणसाने हे पांढुर्णे कुठून काढले, असे तुम्ही विचाराल. सांगतो. दरवर्षी निकालाच्या दिवसांत ओळखीची मुले आणि त्यांचे आईबाप सल्ला विचारायला येतात. मुलाला बाहेर पाठवायचे आहे, इंग्लंड बरे की जर्मनी, कुठली युनिव्हर्सिटी, कुठला विषय? मला या बाबतीत फार कळते असे नाही, पण आपली मराठी माणसे बाहेर शिकायला कशी गेली याचा इतिहास वाचण्याचा मला नाद आहे. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कुठे जायचे हा प्रश्न दुसरा. खर्च कोण देतो आणि त्याबदल्यात काय लिहून घेतो, हा पहिला. आणि हा पहिला प्रश्न जितका नरखेड-पांढुर्ण्याच्या मधल्या त्या अदृश्य रेषेवर स्पष्ट दिसतो तितका क्वचित कुठे दिसतो. आम्हा गोमंतकीयांना तर अशा रेषेची चांगलीच ओळख आहे. तेरेखोलच्या पलीकडे शिकायला जाणे म्हणजे एके काळी आपल्यासाठी परदेशगमनच होते, आणि सातासमुद्रापलीकडचे लिस्बन कागदोपत्री स्वदेश होते!

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मकथनात आहे आणि गोव्यातल्या मराठी वाचकांना तो मी नव्याने सांगायला नको. मला त्यातला पैशाचा भाग सांगायचा आहे. कलकत्त्याला त्यांना पाली शिकवण्याची बऱ्या पगाराची नोकरी मिळत होती. ती सोडून ते महाराष्ट्रात आले, कारण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट काय? महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एखादे पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहावे. बस्स. बडोद्याला येऊन हजेरी लावा असे नाही, की अमुकच विषयावर लिहा असेही नाही. या ५० रुपयांवर ते पुण्यात राहिले, तिथे हार्वर्डच्या जेम्स वूड्स यांची त्यांची गाठ पडली आणि १९१० साली शाळा-कॉलेजची एकही पदवी नसलेला साखवाळचा हा माणूस ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेला गेला.

पण तिथे दुसरी अट निघाली, जी कुठल्याच कागदावर नव्हती. ग्रंथावर संपादक म्हणून नाव कोणाचे, हा वाद प्रा. लॅनमन यांच्याशी झाला आणि १९१२ मध्ये धर्मानंद काम अर्धे ठेवून परत आले. पुढे ते त्यासाठी पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले. ग्रंथ हार्वर्डच्या मालेत छापून निघाला १९५० साली. तोवर धर्मानंद हयात नव्हते. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला होता. आज पीएचडीला जाणाऱ्या मुलांनी प्रयोगशाळेची कीर्ती पाहावी, पण त्या प्राध्यापकाच्या जुन्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: निबंधावर पहिले नाव कोणाचे लागते? असे विचारणे उद्धटपणाचे वाटते खरे. पण सुरुवातीला आठ दिवस संकोच बरा, नंतर चाळीस वर्षे वाट पाहणे वाईट.

याच सयाजीरावांनी तीन वर्षांनी दुसऱ्या एका तरुणाला परदेशी पाठवले. भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. जून १९१३ मध्ये करार झाला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. दाता एकच, उदारही तोच, पण कोसंबींची अट आणि ही अट यांत केवढे अंतर! कोसंबींना राहण्याची जागा निवडता येत होती. आंबेडकरांना येत नव्हती.

त्यांनी त्या तीन वर्षांचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९१५ मध्ये एम.ए., १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा निबंध, त्याच वर्षी डॉक्टरेटचा प्रबंध आणि लगेच लंडन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. आणि मुदत संपली. १९१७ साली काम अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते, ती बोट पाणतीराने बुडाली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, पोटाला चिमटा काढून जमवलेली ती पुस्तके होती.

करार पाळायला ते बडोद्याला गेले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेत आश्रय घ्यावा लागला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. राजाने दिलेला पैसा खरा होता, राजाची इच्छाही खरी होती, पण कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत असे. करारात दहा वर्षांची नोकरी लिहिली होती, डोक्यावर छप्पर कोण देणार हे लिहिले नव्हते. नोकरीचा करार करून बाहेर जाणाऱ्या मुलांनी हा भाग नीट वाचावा असे मला वाटते. परतल्यावर ज्या जागी नोकरी करायची ती जागा आपल्याला माणूस म्हणून वागवते का, याची चौकशी जाण्याआधी करावी.

यातली व्यवहाराची एक बाब चरित्रांत एका ओळीत संपते. लंडन सोडताना आंबेडकरांनी अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. दार बंद होऊ दिले नाही. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १५०० रुपये दिले, कोलंबियाच्या दिवसांतले मित्र नवल भथेना यांच्याकडून ५००० उसने घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या वेळी कोणाचाही करार नव्हता. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी.एस्सी.साठी मान्य झाला. पैसे संपले म्हणून मधूनच परतणारी मुले आजही असतात आणि बहुतेक वेळा ती मान खाली घालून, कोणाला न सांगता येतात. विद्यापीठाला रीतसर कळवून, जागा राखून येणे आजही शक्य असते. अर्ज मात्र निघण्याच्या आधी करायचा असतो, घरी पोचल्यावर नव्हे.

अट घालणारा नेहमी राजाच असतो असे नाही. आनंदीबाई जोशींचे उदाहरण घ्या. त्यांचे यजमान गोपाळराव कोल्हापूरला होते तेव्हा त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. वाइल्डर नावाच्या पाद्र्याने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि उत्तरात सुचवले की ख्रिस्ती व्हावे. गोपाळरावांनी अट मानली नाही. पण छापलेले पत्र वाया गेले नाही. न्यू जर्सीत रोझेल या गावच्या कार्पेंटरबाईंच्या ते वाचनात आले आणि त्यांनी आनंदीबाईंना स्वतः होऊन पत्र लिहिले. त्या अनोळखी बाईशी दोन-तीन वर्षे पत्रे चालली. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी आपण का जातो आणि हिंदू म्हणूनच परत कशा येऊ हे सांगितले, एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट पकडली, जूनमध्ये न्यूयॉर्क. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम.डी. झाल्या.

मला इथे धैर्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांना पैसा मिळाला, राहायला घर मिळाले, ते अर्ज केला तिथून नाही, अर्ज तिसऱ्याच माणसाने वाचला म्हणून. तेव्हा पत्र लिहावे, नीट लिहावे आणि एकाच दारी थांबू नये. याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहाराचा हट्ट, नऊवारी लुगडे आणि ओल धरणारी खोली यांनी त्यांची तब्येत खचली. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली होती, ती नोकरी सुरू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात क्षयाने वारल्या. वय बावीस पुरे नव्हते. मुलामुलींना पाठवताना आपण लोणच्याच्या बरण्या भरतो. जाड कोट आणि आजारपणाचा विमा या गोष्टींना आधी हात घालावा.

आता पुन्हा नागपूरच्या बाजूला जाऊ. पांढुर्ण्याहून गाडीने निघालेला माणूस नागपूर ओलांडून पुढे गेला की वर्धा येते. तिथले पांडुरंग सदाशिव खानखोजे. यांना कोणीच खर्च दिला नाही. टिळकांच्या प्रभावातला हा तरुण १९०६ च्या सुमारास देशाबाहेर पडला. जपानमार्गे अमेरिकेला पोचल्यावर मिळेल ती मजुरी केली. कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन या पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांत त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला आणि त्याच वेळी लष्करी शाळेतही नाव घातले. गदर चळवळीच्या उभारणीत त्यांचा हात होता. महायुद्धात ते तुर्कस्तान-इराणच्या बाजूला लढायला गेले. नंतर बर्लिन, मॉस्को आणि १९२४ मध्ये मेक्सिको. तिथे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक होऊन त्यांनी मक्याच्या नव्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्या माणसांचे चित्र काढले, त्यात वर्ध्याच्या या माणसाचा चेहरा आहे.

खानखोजे कोणाला बांधील नव्हते म्हणून मोकळे होते असे आपल्याला वाटेल. पण त्यांनाही किंमत द्यावी लागली, ती वेगळ्या खिडकीवर. इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि देश स्वतंत्र झाल्यावरही ती यादी कचेरीतून हलली नव्हती. ज्या देशासाठी आयुष्य उधळले त्याच देशात येण्यासाठी व्हिसाला त्यांना आधी नकार मिळाला! पुढे तो मिळाला, ते नागपूरला येऊन राहिले आणि १९६७ साली तिथेच वारले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आहे. शेतीशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने ते वाचावे.

खानखोज्यांपेक्षा थोडे धाकटे, पापळचे पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातले, म्हणजे पांढुर्ण्याच्या अगदी शेजारचे. शेतकऱ्याचा मुलगा एडिंबरा आणि ऑक्सफर्डला गेला, वेदवाङ्मयावर डॉक्टरेट केली, बॅरिस्टर झाला आणि परत येऊन अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे केंद्रात कृषिमंत्री झाले. त्यांच्या संस्थेच्या शाळा-कॉलेजांचा लाभ वऱ्हाडातल्या कुणब्या-माळ्यांच्या किती पिढ्यांना झाला असेल! वरूडपर्यंत तो लाभ सहज पोचला. वरूडच्या पुढे राज्याची हद्द लागते.

१९५६ नंतर पांढुर्णा-सौंसरच्या मुलाचे काय झाले, ते इथे येते. त्याच्या घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. बाजार आणि दवाखाना नागपूरचा, पण विद्यापीठ सागरचे, मग जबलपूरचे आणि आता छिंदवाड्याचे. सागरचे विद्यापीठ म्हणजे डॉ. हरिसिंग गौर यांनी १९४६ साली स्वतःच्या कमाईतून उभे केलेले. गौर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातून केंब्रिजला गेले होते, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले होते. त्यांच्या वेळी नागपूर-सागर हा एकाच प्रांतातला प्रवास होता. त्या प्रांताच्या चिंध्या झाल्या तेव्हा शिष्यवृत्त्यांच्याही झाल्या.

राजे गेले, आता खर्च देणारे सरकार आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी तिच्यात वर्षाला १२५ जागा आहेत, आदिवासींसाठी वेगळ्या २०. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, ज्या शाहूंनी आंबेडकरांना १५०० रुपये दिले त्यांच्याच नावाची. पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशाला. नरखेडच्या बौद्ध मुलीला ती मागता येते, पांढुर्ण्याच्या मुलीला येत नाही. पांढुर्ण्याच्या मुलीने मध्य प्रदेशाच्या योजनेकडे अर्ज करायचा, हिंदीत, भोपाळला. दोघींची आजी कदाचित एकाच वर्षी दीक्षाभूमीवर गेली असेल.

म्हणून माझे सांगणे असे, की विद्यापीठांच्या याद्या चाळण्याआधी आपण कागदावर कुठले आहोत ते पाहावे. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, या तिन्हींवर राज्याचे नाव एकच हवे. सरहद्दीवरच्या घरांत हमखास घोटाळा असतो. आईचा दाखला अमरावतीचा, बापाचा छिंदवाड्याचा, मुलाचा जन्म नागपूरच्या इस्पितळात. आणि नाव हिंदी शाळेत ‘पाण्डुरंग’, मराठीत ‘पांडुरंग’, पासपोर्टवर तिसरेच. हे दुरुस्त व्हायला महिनोन् महिने जातात. प्रवेशपत्र हातात आल्यावर ते महिने शिल्लक नसतात.

दात्याची अट हा प्रकार सरकार आल्याने संपला असे कोणी समजू नये. २०२२ सालच्या नियमावलीत केंद्राच्या या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक समाजशास्त्रीय संशोधन हे विषय वगळण्यात आले. कारण असे दिले गेले की त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, सामग्री इथेच आहे. आता वरची सगळी नावे पुन्हा डोळ्यांपुढे आणा. आंबेडकर कोलंबियात जातींवर लिहीत होते, भारताच्या अर्थकारणावर लिहीत होते. पंजाबराव ऑक्सफर्डला वेदांवर. कोसंबी हार्वर्डला पालीवर. आनंदीबाईंचा फिलाडेल्फियातला प्रबंधही हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर होता! यांतल्या बहुतेकांचा विषय या नियमात नापास झाला असता. घरापासून दूर गेल्यावर घर नीट दिसते, एवढी साधी गोष्ट नियम करणाऱ्यांना कळत नसेल असे मला वाटत नाही. कळत असावी, हीच अडचण असेल.

सौंसरच्या बाबतीत तर हा नियम फारच मजेशीर होतो. सौंसर हे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे, पण गावामुळे नव्हे, खडकांमुळे. मध्य भारतातल्या मँगनीज असलेल्या अतिप्राचीन खडकांच्या गटाला ‘सौंसर गट’ असेच नाव आहे. इंग्रज भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खाणी पायाखाली घातल्या आणि १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ काढला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सितापार या खेड्यातल्या एका खनिजाला त्यांनी ‘सितापाराइट’ नाव दिले. पुढे कळले की हे खनिज अमेरिकेत युटा राज्यात आधीच सापडलेले बिक्सबाइट. झाले, सितापारचे नाव पुस्तकातून गेले. ते दगड मात्र मुलांच्या कितीतरी आधी परदेशी पोचले, इंग्लंडच्या पोलादाच्या भट्ट्यांत. आपल्याकडे डिचोली-सांग्यातून जपानला गेलेले खनिज आठवा, तीच गोष्ट. नागपूर भागात निदान एक चांगली गोष्ट घडली. कामठीचे खाणमालक रावबहादूर लक्ष्मीनारायण १९३० साली वारले तेव्हा त्यांनी आपली मोठी मालमत्ता उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला लिहून दिली आणि त्यातून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. आपल्या खाणमालकांच्या मृत्युपत्रांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

तर सांगत होतो ते हे, की त्या नियमाप्रमाणे सौंसरच्या खडकांवर संशोधन करायला परदेशी जाता येईल. सौंसरच्या माणसांवर, त्यांच्या मराठीवर, गोटमारीवर संशोधन करायचे असेल तर मात्र त्या पैशातून नाही. मग दुसरे दार शोधायचे. खुद्द परदेशी विद्यापीठे पीएचडीसाठी पूर्ण खर्च देतात आणि तिथे असे बंधन नसते. मास्टर्सला ते फार कमी मिळते. म्हणून ज्या मुलांना इतिहास, भाषा, समाज यांत रस आहे त्यांनी मास्टर्स इथे चांगल्या ठिकाणी करून थेट पीएचडीला अर्ज करावा, असे मी सांगतो. कर्जाचा डोंगर टळतो.

सरकारी दारावर एकट्याने भिस्त ठेवू नये याला दुसरेही कारण आहे. २०२५ च्या जुलैमध्ये याच केंद्रीय शिष्यवृत्तीसाठी १०६ जण निवडले गेले, पण पहिल्या फेरीत पत्रे मिळाली ४० जणांना. उरलेल्यांना सांगण्यात आले, निधी उपलब्ध झाल्यास कळवू. विद्यापीठ सप्टेंबरला सुरू होते, ते कोणाच्या निधीसाठी थांबत नाही. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून मिळतो का, हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारून लेखी उत्तर घ्यावे.

राहता राहिले आपण. मुक्तीपूर्वी गोव्याच्या वैद्यक विद्यालयाची पदवी घेतलेल्या डॉक्टरला पोर्तुगालात ती पुरी धरत नसत, तिथे पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. एकच राज्य, एकच झेंडा, तरी पदवी अर्धी. मराठी शाळांतून शिकलेली आपली हिंदू मुले तर त्या वाटेने फारशी गेलीच नाहीत. ती मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसून बेळगाव, पुणे, मुंबईला गेली आणि १९५५ च्या नाकेबंदीत तिथेच अडकली. आज उलटे झाले आहे. आजोबांच्या जन्माची लिस्बनला नोंद करून मिळणारा लाल पासपोर्ट घ्यावा आणि युरोपात स्वस्तात शिकावे, असा सल्ला सध्या प्रत्येक कोपऱ्यावर मिळतो. तो देणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते आणि भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे दारही बंद होते, हे त्याला माहीत आहे का? इंग्लंडमध्ये स्थानिक दराने फी नुसत्या पासपोर्टवर कधीच मिळत नव्हती, आधी तीन वर्षे युरोपात राहिलेले असावे लागे, हे माहीत आहे का? आणि ब्रेक्झिटनंतर, ऑगस्ट २०२१ पासून, नव्याने येणाऱ्यांना तीही सोय उरली नाही, हे? पोर्तुगालातल्या विद्यापीठात त्या पासपोर्टचा फायदा होतो, पण पहिल्या पदवीचे बहुतेक शिक्षण पोर्तुगीजमध्ये असते आणि आपल्या नातवंडांना आजोबांचे पोर्तुगीज येत नाही.

अर्जातला एक रकाना मला नेहमी विचारात पाडतो, जन्मस्थानाचा. १९५५ साली नागपूरला जन्मलेला माणूस आणि त्याच वर्षी पांढुर्ण्याला जन्मलेला माणूस, दोघेही मध्य प्रदेशात जन्मले. त्याच वर्षी फोंड्याला जन्मलेला पोर्तुगीज अमलात जन्मला. आता या तिघांची नातवंडे एकाच वर्षी एकाच विद्यापीठाला अर्ज करत असतील, तर तिघांना तीन वेगळ्या कचेऱ्यांत रांग लावावी लागेल. त्यातल्या नागपूरकराची रांग सर्वांत लांब असेल, पण त्याच्या कचेरीत निदान मराठी बोलतात.

अर्जांच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या मूळ सरकारी संकेतस्थळावरच पाहाव्यात. एजंटाकडे पाहू नयेत.